महिरपी कंस

बंदराच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
स्किर्मान्ते आकृतीला डावीकडून कंस लावते आहे.
एकोणीस ओळी. ओळीत एकेक ठिपका,
ठिपक्याला दोन्ही अंगांनी मिशा –
कुणाच्या आखूड, खात्रीच्या,
कुणाच्या इतक्या लांब
की शून्याची रेघ ओलांडून
पलीकडच्या अंगणात लोळतात.

प्रश्न साधा होता :
क्लाइपेडात रात्री झोप का लागत नाही?
सहाशे बारा जणांनी उत्तरं दिली.
क्रेन चालवणारे. मासे गोठवणाऱ्या बायका.
एक म्हातारा खलाशी, त्यानं प्रत्येक चौकटीत
'समुद्राला विचारा' असं लिहिलं,
त्याला गाळावं लागलं.

विभागप्रमुख ग्राझविदास चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
ही काय वाण्याची यादी आहे?
डोळा टेकायचा कुठे?
गट पाडा. नावं द्या.

म्हणून 'शरीर' : वय, गुडघे, रक्तदाब, दिवसाच्या कॉफ्या.
(कॉफी खरं तर कामाची.
पण काम आधीच भरलंय.)
म्हणून 'घर' : कर्ज, खोल्या, तान्हं मूल,
त्याच खोलीत खोकणारी सासू.
कंस ओढला की ठिपके एकदम शहाणे दिसतात,
शाळेच्या फोटोत उंचीप्रमाणे उभे केल्यासारखे.
आकडे तेच. एकही ठिपका केसभर हलत नाही.
हलतो तो बघणारा.

अडते ती चौदाव्या ओळीशी :
'खिडकी बंदराकडे उघडते.'
सगळ्यांत उजवीकडचा ठिपका हाच,
मिशा आखूड, शून्यापासून फटकून.
घर म्हणावं, तर आत येतो तो भोंगा कामाचा.
काम म्हणावं, तर त्या खिडकीत
शेपूचं कुंडं आहे, वाळत घातलेले मोजे आहेत.
ती ओळ वर नेते. खाली आणते.
पुन्हा वर.

तिच्या भाषेत बायकांचं आडनावच कंस असतं.
आई वाइश्नोरिएने : शेवट ऐकला की कळतं, नवऱ्याची.
ती स्वतः वाइश्नोराइते : बापाची, अजून.
सव्विसाव्या वर्षी नोंदणी कचेरीत जाऊन
तिनं ते शेपूट छाटून घेतलं.
वाइश्नोरे. एवढंच.
खिडकीतली बाई म्हणाली, मग लोकांना कळणार कसं?
काय कळायचंय, असं विचारायचं
तिला बाहेर पायऱ्यांवर सुचलं.

आता तळटीप. बारीक टाइपात :
'तुलनेचा आधार – स्त्री, पस्तीस ते चव्वेचाळीस,
एकटी, दिवसपाळी, कर्ज नाही,
खिडकी आतल्या चौकाकडे.'
स्वल्पविरामावर बोट थांबतं.
म्हणजे मी.
एकोणीस ओळींत नाही, कुठल्याच कंसात नाही,
ठिपका नाही, मिशा नाहीत.
जिच्यापासून सगळ्यांचं अंतर मोजलं
ती ही उभी, करडी, तुटक रेघ.

आणि शून्याला झोप लागते असं
कुणी म्हटलंय?
शून्य म्हणजे फक्त :
इथून मोजायला लागलो.
काल पहाटे तीनला ती जागीच होती,
चौकातला दिवा मोजत. एकच दिवा.

दहाची फेरी भोंगा देते.
चौदावी ओळ ती दोन कंसांच्या मध्ये ठेवते,
वर बोटभर जागा, खाली बोटभर जागा,
डावीकडे काहीच नाही.
उद्या ग्राझविदास विचारतील, ही कुणाची?
उद्याचं उद्या.

छापून कागद बाहेर येतो, कोमट.
कंसाशेजारी 'घर' उभं छापलंय, खालून वर.
ते वाचायला
मान वाकडी करावी लागते,
उशीवर करतात तशी.